नेत्रगोलक उचला, जिना पुसायचाय

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास मला निरक्षर ठरवण्यात आलं. ठरवणारा मुलगा अकरावीत आहे, माझ्या भाचीचा मित्र, आणि आमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेलेला आहे. निरोप असा होता: "मावशी, सॉरी हं, पण तुमची पोस्ट लिटरेट नाहीये. वन-लायनर आहे. आपल्याकडे मिनिमम सेमी-लिट लागतं." आणि पुढे हात जोडल्याची खूण.

मी मराठी घेऊन एम.ए. केलंय. दिवाळी अंकांची प्रुफं वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढवून घेतलाय. गणपती गेले की लोक माझ्या दारात गठ्ठे घेऊन उभे असतात. तरी मला राग लिटरेटचा नाही आला, त्या जोडलेल्या हातांचा आला. किराणा दुकानात 'उधारी बंद आहे'च्या पाटीखाली असतात ना, तसले हात.

तर भाचीनं आणि तिच्या टोळक्यानं डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर एक नगरी वसवली आहे. यादवकालीन, काल्पनिक, नाव सुवर्णगिरी. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि पाळीपाळीनं लिहायचं, आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते. याला रोलप्ले म्हणतात, आणि त्यात लांबलचक, सजवून लिहिलं तरच ते 'लिटरेट'. "मावशी, तू लिहिण्यातलीच आहेस ना, ये की," म्हणून मला ओढलं. मी धर्मशाळेतली स्वयंपाकीण झाले. नाव अक्काबाई.

आधी पात्राची माहिती भरून द्यावी लागते. मी लिहिलं, "वय 50. गुडघे दुखतात. हाताला चव आहे." फॉर्म परत आला. बॅकस्टोरी कुठाय? मी लिहिलं, "आहे, पण सांगण्यासारखी नाही." हे त्यांना इतकं गूढ वाटलं की लगेच मंजूर झालं. मग मी बाकीच्यांचे फॉर्म वाचले. अख्ख्या सुवर्णगिरीत एकाचेही आईवडील जिवंत नाहीत. कुणाचे युद्धात गेले, कुणाचे वणव्यात, एकाचे तर दोन वेगवेगळ्या शापांत. डोळ्यांचा रंग काळा असं एकानंही लिहिलेलं नाही. नीलमणी, पाचू, वितळलेलं सोनं. एका सेनापतीचा डावा डोळा तर चंद्राच्या कलेप्रमाणे बदलतो. अमावास्येला बिचारा काय करतो, कुणास ठाऊक.

आणि मग धर्मशाळेच्या दाराशी युवराज्ञी आल्या.

युवराज्ञी म्हणजे खेळातलं पात्र. त्यामागे कोण मुलगी आहे ते मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. पहिली पोस्ट अशी: "हेमंतातील त्या हिमशीतल, निःशब्द निशेच्या गर्भातून जणू नियतीनेच कोरलेली एक आकृती त्या जीर्ण, काळोखाने भारलेल्या द्वारासमोर प्रकटली." ही सुरुवात. पुढे वारा होता, वाऱ्यात केस होते, केसांत वादळं होती, वादळांत आठवणी होत्या. मी खाली सरकवत गेले. बाईंनी दार वाजवलं की नाही, एवढंच मला हवं होतं. ते कुठंच नव्हतं. ती नुसतीच प्रकटली होती.

थंडीत उभी आहे पोर, म्हणून मी लिहिलं: "अक्काबाई दार उघडते. 'आत या. पाय पुसा.'"

हीच ती निरक्षर पोस्ट.

नावाखाली 'टाइप करत आहे' असे ठिपके नाचू लागले. मी कुकर लावला. कुकर झाला. ठिपके नाचतच होते. मग पोस्ट आली, आणि त्यात दार पुन्हा उघडलं. मी उघडलेलं दार त्यांना चाललं नाही. यावेळी ते "शतकांची वेदना कण्हावी तसे" उघडलं. बिजागरीला मी तेल घातलेलं असतं, माझी धर्मशाळा आहे ती! मग युवराज्ञींच्या "कंठाच्या मरुभूमीत एका जलबिंदूची आस" निर्माण झाली. म्हणजे पाणी. मी म्हटलं, "घ्या." तांब्या पुढे केला. त्या तांब्यात चंद्राचं प्रतिबिंब पडलं (घरात, छपराखाली), त्यात त्यांना दिवंगत पित्याचा चेहरा दिसला आणि त्या रडल्या. रडू दे. पण पुढचं वाक्य होतं, "ते पाहून अक्काबाईंच्याही नयनांतून अश्रुधारा ओघळल्या."

आता हे बघा. या खेळात एक नियम आहे, पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलाय, की दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. याला गॉडमोडिंग म्हणतात आणि ते पाप समजतात. माझ्या डोळ्यांतून पाणी काढायचा हक्क त्या बाईंना कुणी दिला? मी रीतसर तक्रार केली. मॉडरेटर, म्हणजे गटावर देखरेख ठेवणारा, म्हणाला, "हो मावशी, टेक्निकली बरोबर आहे. पण फ्लो किती सुंदर होता ना." म्हणजे अश्रुधारा म्हटलं की चालतं.

तोवर युवराज्ञींनी वर जायचं ठरवलं होतं. "तिने आपले दोन्ही नेत्रगोलक सोपानाच्या प्रथम पायरीवर टेकवले."

मी ते वाक्य परत वाचलं. नेत्रगोलक. दोन्ही. टेकवले.

अक्काबाई काय करणार? ती म्हणाली, "उचला ते. जिना पुसायचाय."

मला वाटतं, तेवढ्या रात्रीत लिहिलं गेलेलं एकमेव खरं यादवकालीन वाक्य ते होतं. पण ठिपके थांबले. मग दुहेरी कंस आले. दुहेरी कंसात लिहिलं की ते पात्राचं नसतं, माणसाचं असतं. ((मावशी प्लीज सीन ब्रेक करू नका, ती खूप इमोशनल फेजमधून जातेय)). मी पण कंस टाकले. ((अगं, डोळे पायरीवर ठेवलेस ना)). ((ते मेटाफर आहे मावशी)). ((मेटाफर असला तरी कुणीतरी घसरेल)). त्यानंतर पोहेवाल्याचा निरोप आला, हात जोडलेला.

भाचीला विचारलं, ही बाई स्वतः लिहिते की त्या एआयकडून लिहून घेते? भाची म्हणाली, "स्वतः लिहिते. एआयनं जिना आणि डोळ्यांत अंतर ठेवलं असतं." शिवाय तिनंच सांगितलं की इंग्रजी गटांवरही डोळ्यांना सर्रास 'ऑर्ब्ज' म्हणतात, म्हणजे हा रोग जागतिक आहे. लिटरेट, ॲडव्हान्स्ड लिटरेट, नॉव्हेला अशा पायऱ्या तिकडूनच आल्यात. आपण फक्त त्यांना पैठणी नेसवली.

हा प्रकार सुरू झाला तेव्हा असा नव्हता म्हणे. 1978 साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉनं मड नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. अनेक माणसं एकाच वेळी एका लेखी जगात. त्यात उत्तरेला जायचं तर 'उत्तर' एवढं टंकायचं, वस्तू घ्यायची तर 'घे'. खोलीचं वर्णन यंत्रच करायचं, तेही एकदाच. तिथं अक्काबाईचं सोनं झालं असतं.

डिस्कॉर्डवर एका निरोपाला 2000 अक्षरांची मर्यादा आहे. मला आधी हायसं वाटलं. त्यातून देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'क्षत्रिय' हा तीन अक्षरी शब्द ॲपच्या हिशेबात 8 खातो. मला वाटलं, या मुलांचं अर्धं वाङ्मय जोडाक्षरांतच आटपेल. पण जास्तीचे पैसे भरले की मर्यादा 4000 होते. युवराज्ञींनी भरलेत. पित्याच्या पश्चात एवढा पैसा कुठून आला, हे बॅकस्टोरीत नाही.

खरी चिडचिड वेगळीच आहे. खऱ्या यादवकाळातलं गद्य आपल्याकडे आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी हिंडून हिंडून गोळा केल्या आणि 1278च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. त्यात काय आहे? कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, काय खाल्लं, कुठं मुक्काम पडला. कित्येक लीळा चार-दोन ओळींत संपतात. स्वामींची शिष्या महादाइसा प्रश्न विचारते तो सरळ विचारते. आधी नियतीच्या गर्भातून प्रकटत बसत नाही. म्हणजे ज्या काळाच्या नावानं ही सगळी आतषबाजी चाललीय, त्या काळातली माणसं कागदावर माझ्यासारखी बोलतात. मी हे गटावर लिहिलं. उत्तर आलं, "इंटरेस्टिंग! पण आपली व्हाइब वेगळी आहे."

व्हाइबचं असं आहे की परवा राजवाड्यातल्या मेजवानीत मिरचीचा ठेचा होता. यादवांच्या ताटात! अल्लाउद्दीन देवगिरीवर आला 1296मध्ये. वास्को द गामा कालिकतला लागला 1498मध्ये, आणि मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या हातून इकडे आली ती त्याच्याही नंतर. अक्काबाईला भाजी तिखट करायची तर मिरी आहे, आलं आहे. हे मी स्वयंपाकीण म्हणून सांगितलं, तर ते नाही कुणी मनावर घेतलं. ठेचा चालतो. "घ्या पाणी" चालत नाही.

बरं, अलंकारिक लिहिण्याचा मला तिटकारा आहे असंही नाही. एम.ए.ला 1861ची 'मुक्तामाला' आणि 1868ची 'मंजुघोषा' या कादंबऱ्या मी वाचल्यात, पल्लेदार वर्णनांसकट. पण पुस्तकात एक सोय असते, पान उलटता येतं. नायिकेच्या भुवया संपल्या की पुढे जाता येतं. इथं ते सगळं वाचून मला उत्तर द्यायचं असतं! दोन पडदे भरून मजकूर येतो आणि त्यात मी धरायचं कशाला, तर काही नाही. चंद्राला काय उत्तर देऊ? वादळांना? समोरच्यानं काही विचारलं, काही मागितलं, निदान दार वाजवलं, तर माणूस पुढे बोलेल. हे लोक एकमेकांसमोर उभे राहून आपापल्या आरशाशी बोलतात, आणि मधल्या वेळात मी तांब्या धरून उभी.

आणि हे फक्त पोरांचंच आहे म्हणावं तर तेही नाही. माझ्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यांत दरवर्षी एक तरी कथा असते जिच्यात पावसाची सर पहिलं पान खाते. मी पेन्सिलीनं हळूच खूण करते. संपादकांचा फोन येतो, "ताई, भाषेला हात लावू नका, ती त्यांची शैली आहे. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा." पाहते. पानामागे जे देतात त्यात शैली दुरुस्त करणं बसतही नाही. तेही पाडव्याला देतो म्हणतात आणि होळीला आठवण करावी लागते. त्यांना हात जोडल्याची खूण पाठवायला मीच शिकायला हवं.

असो. तर काल मी सेमी-लिट व्हायचं ठरवलं. आजवर जे जे काट मारून काढलं, ते सगळं डोक्यात साठलेलं असतंच. बसले आणि लिहिलं:

"अस्तमानाच्या केशरी वेदनेने व्याकूळ झालेल्या त्या धूसर पथाकडे अक्काबाई अनिमिष नेत्रांनी पाहत राहिली. तोच क्षितिजाच्या कुशीतून धुळीचे पदर उडवीत एक रक्तवर्णी परी अवतरली. तिच्या ललाटी तिचे गंतव्य कोरलेले होते. तिच्या उदरातून एका वृद्धाने एका हाती पिशवी व दुसऱ्या हाती नातू सावरीत भूमीवर पाऊल ठेवले. मग कुणा अदृश्य हाताने दोनदा घंटानाद केला, आणि एक कृष्णवर्णी निःश्वास सोडून ती मार्गस्थ झाली."

एसटी. सरळसरळ एसटी. लाल परी, वर पाटी, कंडक्टरची डबल बेल, मागून धूर. पहिली एसटी 1948 साली पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. यादवांना तिच्यासाठी साडेसहाशे वर्षं थांब्यावर उभं राहावं लागलं असतं. मला वाटलं, आता तरी कुणीतरी हसेल, कुणीतरी दुहेरी कंसात विचारेल की मावशी, ही गाडी कुठली.

बदामांचा पाऊस पडला. सेनापतीनं (त्या दिवशी डोळा अर्धा होता) लिहिलं, "गूजबम्प्स." मॉडरेटरनं ती पोस्ट पिन करून वर डकवली, नमुना म्हणून, नवीन मुलांनी असं लिहावं. युवराज्ञींनी दुहेरी कंसात कळवलं, ((आता अक्काबाई जिवंत वाटतात. परीच्या त्या निःश्वासात केवढं दुःख होतं!)). डिझेलचा होता गं तो.

आज सकाळी एका नव्या मुलीनं त्या रक्तवर्णी परीचं पात्र मागितलंय. तिचा फॉर्म मॉडरेटरनं मला मताला पाठवलाय. डोळे माणकासारखे, रात्री दूरवर प्रकाश फेकणारे. आईवडील लहानपणीच वारले.