३७ मिलिमीटरची साडेसाती

सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावानं शनीचा फोटो फिरला. फोटो अप्रतिम. कड्यांमधली काळी फट सुरीनं कापल्यासारखी, आणि ग्रहाची सावली कड्यांवर अशा बाजूनं पडलेली की पृथ्वीवरून ती तशी दिसूच शकत नाही. खाली चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मजकूर: 'आपल्या गच्चीवरून काढलेला शनिमहाराजांचा फोटो.' एकतीस अंगठे, अकरा नमस्कार. फोटो कॅसिनी यानाचा आहे. ते २०१७ साली शनीतच पडून संपलं, त्यामुळे तक्रार करायला ते येणार नाही.

मी काढलेला फोटो त्याच्या बरोबर वर आहे. दोन अंगठे. त्यातला एक बायकोचा.

आता माझ्या फोटोमागे काय काय आहे ते ऐका. १५० मिलिमीटर आरशाची, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनी (आरशानं प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्यासोबत वळणारा स्टँड) आणि २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, त्या जागी टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी गोल चकती) लावायची, तिच्या पुढे सव्वा इंची नळी, आणि ती नळी आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी खुपसायची. सांगायला एवढंच. पहिल्या रात्री कॅमेरा 'लेन्स नाही' म्हणून शटरच मारत नाही. मेनूच्या कुठल्या तरी सातव्या पानावर 'रिलीज विदाउट लेन्स' नावाची ओळ असते, ती चालू करावी लागते. शिवाय बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद (नाहीतर सेन्सर तारे सोडून स्वतःच हलत बसतो), आणि तेजोमेघांच्या लांब एक्स्पोजरसाठी नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू राहिलं तर दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं अंधाराचा फोटो काढत बसतो.

पण खरा घात टी-रिंगचा. टी-माउंटचा नियम असा की रिंगच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर हवं. फिल्मच्या एसएलआरच्या जमान्यातला आकडा. त्या कॅमेऱ्यांत आरसा उघडझाप करायचा, म्हणून पोटात चार-साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा असायची. मिररलेसमधून आरसा गेला, अंतर १८ मिलिमीटरवर आलं. सोनीचं १८, कॅननच्या आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. झकास! आणि मग दुकानदार काय देतो? ३७ मिलिमीटर लांबीची पोकळ नळी. आत काच नाही, काही नाही. निव्वळ हवा. पातळ म्हणून कॅमेरा घ्यायचा आणि परत जाड करायला वेगळे पैसे मोजायचे.

नुसतं पैशाचं असतं तरी सोसलं असतं. नजरेनं बघायला बनवलेल्या न्यूटनी दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या (आयपीस आतबाहेर सरकवणाऱ्या नळीच्या) तोंडापाशीच, थोडीशी बाहेर तयार होते. सेन्सर तिथे न्यायचा तर फोकसर आत ढकलायचा. ढकलता ढकलता तो तळाला टेकतो आणि तरी चंद्र पुरणपोळीएवढा पसरटच. दीड-दोन सेंटिमीटर कमी पडतात. लोक मग मुख्य आरसा वर सरकवतात, नळी कापायला काढतात. त्यापेक्षा ती ३७ मिलिमीटरची हवा टाकून द्या आणि कॅमेऱ्याच्या माउंटवर थेट बसणारा बुटका अडॅप्टर घ्या. तीनेक सेंटिमीटर परत मिळतात, फोकस येतो. अपवाद एकच: कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांना फुटणारी शेपटी घालवणारं भिंग) लावणार असाल तर त्याला सहसा ते ५५ मिलिमीटर हवेच असतात, तिथे नळी गुण्यागोविंदानं राहू द्या. हे दुकानात कुणी सांगत नाही. मलाही नाही सांगितलं. दोन हिवाळे गेले.

ग्रहांसाठी मात्र बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावावाच लागतो. त्यानं फोकसही बाहेर ढकलला जातो, म्हणजे तो प्रश्न तिथे आपोआप सुटतो. दुप्पट बार्लोनं ७५० चे १५०० मिलिमीटर होतात, आणि एवढं करून शनीची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ७८ पिक्सेल भरतात. सेन्सरची रुंदी ६००० पिक्सेल. म्हणजे मोकळ्या मैदानात ठेवलेला शेंगदाणा. त्यात फुल एचडी व्हिडिओ घेतलात तर कॅमेरा सगळी रुंदी १९२० मध्ये कोंबतो आणि कडी २५ पिक्सेलची उरतात. फोर-के मध्ये ५०. ज्या कॅमेऱ्यात मधलाच तुकडा एकास एक प्रमाणात चित्रित होतो तो ग्रहांसाठी खरा. माझा तसा नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनी संध्याकाळी आठच्या सुमारास दक्षिणेला उंच. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो आणि आमच्याकडे तिथे पाण्याची टाकी आहे. माउंट उत्तरेला लावायला होकायंत्र काढावं तर स्लॅबमधल्या सळ्या त्याला चक्कर आणतात. अंदाजे लावलं. पंचेचाळीस मिनिटं आरसा थंड होऊ दिला. दिवसभर तापलेला स्लॅब खालून वाफारा सोडतच होता, त्याला इलाज नाही. शेजारच्या ठळक ताऱ्यावर बाख्तिनोव मास्क (फोकस तपासायची खाचांची झाकणी, ताऱ्याला तीन रेघा फोडते) लावून तिन्ही रेघांतली मधली रेघ बरोबर मध्यावर आणली, मास्क आठवणीनं काढला, शनीवर आलो. स्क्रीनवर दहापट मोठा करून बघितला. सुरेख.

आणि लोखंडी दार धाडकन उघडलं. गच्चीवरची ट्यूब लागली.

"अगबाई, तू होय! मला वाटलं टाकीवाला."

"काकू, दिवा बंद करता का जरा? नळीत उजेड जातोय."

"मग मला गोधडी कशी दिसणार?"

गोधडी मिळाली. दिवा तसाच. "काय बघतोयस?"

"शनी."

काकू दोन पावलं मागं सरल्या, गाऊनवरची ओढणी डोक्यावर आली. काकूंची रास मीन, मधली अडीच वर्षं चालू. "इथून त्याची नजर नाही ना पडत?"

"काकू, इथून आपली नजर तिकडे जाते."

"तेच विचारतेय. त्याला कळत नाही ना?"

मी म्हटलं, तो १३५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याचा प्रकाश इथे यायला सव्वा तास लागतो, हा आत्ताचा शनी नाहीच.

"म्हणजे शिळा?"

"शिळाच म्हणा."

"मग चालेल. पण डोळा लावून नको, टीव्हीवर दाखव." टीव्ही म्हणजे कॅमेऱ्याची स्क्रीन. मिररलेसचा हा फायदा माहितीपत्रकात कुणी छापलेला नाही: साडेसातीवाल्यांची थेट दृष्टिभेट टळते.

काकूंनी चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं. काचेवर ओलसर ठिपका उमटला. बराच वेळ शांतता.

"हे काय? पेढ्यात अगरबत्ती खुपसलीय. कडं कुठंय?"

काकूंचं चुकलं नव्हतं. दर तेरा ते सोळा वर्षांनी शनीची कडी आपल्याला धारेवर दिसतात. २०२५ च्या मार्चमध्ये तसं झालं, आणि नोव्हेंबरात पुन्हा कल अर्ध्या अंशाच्याही खाली आला होता. गॅलिलिओनं १६१० साली शनीला कानांसारखं काहीतरी बघितलं, १६१२ मध्ये ते दिसेनासं झालं तेव्हा त्यालाही कळेना. त्यानं विचारलं, शनीनं आपली पोरं गिळली की काय. काकूंनी विचारलं, "आणताना मोडलं का रे तुझ्याकडून?"

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. तीन मिनिटं, सेकंदाला तीस चौकटी, शटर सेकंदाचा तिसावा भाग, आयएसओ १६००. पाच हजार चारशे चौकटींतल्या उत्तम हजारभर निवडून ऑटोस्टॅकर्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या, हवेची थरथर त्यातून गाळायची. चाळीस सेकंद झाली आणि खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली. मशीनरूम गच्चीवर, माझ्यापासून बारा फुटांवर. शनी स्क्रीनवर ताशा वाजवल्यासारखा नाचायला लागला.

"थरथरतोय बघ!"

"लिफ्ट आहे काकू."

"लिफ्ट कसली. मला बघून." आणि मग, गोधडी बगलेत मारत, एकदम मोकळ्या आवाजात: "कडं गेलं म्हणजे जोर गेला म्हणायचा याचा. चल, एक मला पाठव."

ट्यूब चालू ठेवूनच गेल्या.

पाठवला. त्यावर आलेलं उत्तर इथे जसंच्या तसं देतो: 'छान. पण नीट आला नाही. मी दुसरा टाकते.' कॅसिनीच्या त्या कॅमेऱ्याचा सेन्सर एक मेगापिक्सेलचा होता, माझा चोवीसचा. एवढाच फरक की तो शनीच्या दारात उभा होता आणि मी लिफ्टच्या. हेच मी ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं, तर सेक्रेटरी म्हणाले, तुमचा विनय चांगला आहे, पण लॉबीत लावायला प्रिंट द्या. लिफ्ट रात्री पंधरा मिनिटं बंद ठेवण्याचा माझा अर्ज त्यांच्याकडे तीन महिने पडून आहे. त्याबद्दल विचारलं तर एका सभासदानं मला मारुतीला तेल घालायचा सल्ला दिला.

शनिवारी संध्याकाळी माउंट उभा करून खाली बॅटरी आणायला गेलो. परत आलो तर काउंटरवेटच्या दांड्यावर रुईच्या पानांची ओली माळ. ट्यूब चालू. माळ काढायला हात पुढे केला आणि जिन्यात चपलांचा आवाज आला. वजन आत अर्धा सेंटिमीटर सरकवलं, परत बॅलन्स झालं.