मिलोची भाकरी आणि नायजेरिया

2026 च्या जागतिक प्रार्थना दिनाची उपासना नायजेरियाच्या बहिणींनी लिहिली होती. दरवर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीत काय होतं ते आधी सांगते. चौघीजणी त्या वर्षी उपासना लिहिणाऱ्या देशातल्या बायकांची मनोगतं वाचतात, आपण आमेन म्हणतो, दानार्पणाची पिशवी फिरते, चहा होतो. रविवार उजाडेपर्यंत तो देश कुणाच्या लक्षातही नसतो. हे मला फार वर्षं टोचत होतं.

म्हणून या वेळी महिला मंडळाच्या तयारीला बसलो तेव्हा आकडे बाजूला ठेवले आणि उपासनेचं चित्र सतरंजीवर मधोमध ठेवलं. डोक्यावर ओझी घेतलेल्या बायका. विचारलं एवढंच, "आपल्यापैकी कुणी असं ओझं वाहिलंय?"

दारापाशी बसणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "म्या. बहात्तरला. पाझर तलावावर."

मग तासभर दुसरं कुणी बोललं नाही. चुंबळीखालचे केस कसे झडले, मस्टरवरच्या अंगठ्याची शाई, कामावर मिळणारी सुकडी. आणि अमेरिकेहून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी. "थापाया घेतली की चिरायची बघ भाकर. पोरं तोंड फिरवायची, पर तीच खाल्ली." अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजी, तेव्हा धान्य नव्हतंच का?" आजी म्हणाल्या, "दुकानात व्हतं की. हातात पैका नव्हता. कामं निघाली तवा चूल पेटली."

जे मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, इतकी वर्षं स्लाइड दाखवून शिकवू शकले नाही, ते त्या मुलीला तिथं कळलं. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातूनच महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, हे तिला सांगितलं तेव्हा तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तिथून नायजेरियाला पोचायला वेळ लागला नाही. मे 2023 मध्ये तिथं पेट्रोलवरचं अनुदान बंद झालं, पाठोपाठ नायरा हे तिथलं चलन कोसळलं, आणि 2024 मध्ये अन्नधान्याची महागाई 40 टक्क्यांवर गेली. बाजार तिथंही भरलेला होता, बाईच्या हातातला पैसा मात्र आटला होता. आता हे आमच्या बायकांना समजावून सांगावं लागलं नाही.

एका वडीलधाऱ्या सभासदांनी हरकत घेतली, की भाव आणि अनुदानं हे राजकारण झालं, ते चर्चमध्ये नको. त्यांचा मान राखून मी बायबलमधला आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय उघडला. माप लहान करून किंमत वाढवणाऱ्यांवर संदेष्टा तिथं केवढा संतापलाय! आणि लेवीय 25 मधलं योबेल वर्ष, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन परत आणि दास मोकळे, ते तरी काय आहे? तोच अध्याय हातात घेऊन 1998 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जी-8 या आठ बड्या देशांच्या परिषदेच्या वेळी सुमारे 70 हजार माणसांनी मानवी साखळी केली, गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून. त्यातली कितीतरी साध्या मंडळ्यांमधली होती, आपल्या चर्चमध्ये बसून कर्ज म्हणजे काय ते शिकलेली. पुढं 2005 मध्ये पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या देशांच्या गटानं नायजेरियाचं 18 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. सगळं श्रेय चर्चला नाही, पण त्या मंडळ्या फक्त पिशवी फिरवून थांबल्या असत्या तर ही मागणी इतक्या जोरात उठली असती का?

दान नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण हडकुळ्या लेकराचा फोटो दाखवून पैसे गोळा केले की मंडळीला दया येते, समज येत नाही. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या, मुलींना घेऊन केडगावला आल्या. नुसती वर्गणी पाठवून घरी बसल्या नाहीत. आणि महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्यांत दुष्काळ पाहिलेली माणसं अजून बाकांवर बसलेली आहेत. बाहेरून वक्ते बोलावण्याआधी त्यांना विचारा. घाई करा, कारण ही पिढी थकत चाललीय.

उपासनेनंतर आजींनी मला बाजूला घेतलं. "तिकडं बाजरी व्हती का गं?" घरी येऊन शोधलं. नायजेरियाच्या उत्तर भागात बाजरीही होते आणि ज्वारीही. बाजरी आंबवून कुनू नावाचं पेय करतात, त्यात आलं घालतात. पुढच्या रविवारी हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आपली आंबीलच की ती." आणि बायकांना विचारत सुटल्या, दळण कुणाच्या घरी हाय?