अहो एक लेन, फक्त एक लेन द्या!

एप्रिल उजाडला की आमच्या पोहण्याच्या तलावावर दरवर्षी तेच!! पहाटे साडेचारला उठून रनिंग उरकायचं कारण आठलाच ऊन चटके देतं, आणि धावतपळत सातच्या बॅचला पोचावं तर पाण्यात नुसती जत्रा. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचंय, म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ वेळा हे टोक ते टोक, आणि बॅच ४५ मिनिटांची. कधी व्हायचं? चार हात मारले की कुणाची तरी लाथ, वळायला जावं तर पाच जण कठडा धरून गप्पा मारत उभे, काल तर टर्न मारताना एका काकांच्या गुडघ्यावर नाक आपटलं, गॉगल सुटून पाणी आत, आणि वर मलाच ऐकवतात, बघून पोहा की जरा!

पोरांनी शिकावं हो, शिकलंच पाहिजे, पण सहातली एक लेन दोरी लावून राखून ठेवायला काय जातं? दोरी आहे! पंपाच्या खोलीत गुंडाळून पडलीय, मी स्वतः बघितलीय. सांगितलं तर म्हणतात सुट्ट्या संपल्या की या. म्हणजे जूनमध्ये?? आणि मधले दोन महिने गेले ते कोण परत देणार मला?