घर बांधताय ना? मग आधी फोनमधली जागा रिकामी करा

घर पाहावं बांधून असं जुने लोक म्हणायचे. त्यात 'पाहावं' आधी येतं आणि 'बांधून' नंतर, हे तुमच्या लक्षात आलंय का? म्हणजे मुख्य काम पाहण्याचं आणि दाखवण्याचं, बांधायला काय, गवंडी आहेच. तुम्ही मालक आहात, तुमच्याकडे कॅमेरा आहे, रोज संध्याकाळी ऊन उतरलं की साइटवर जायचं आणि आजची प्रगती सगळ्यांना पाठवायची एवढीच तुमची जबाबदारी.

सुरुवात खड्ड्यापासून करा. पायाचा खड्डा जगात कुणाचाही असो सारखाच दिसतो त्यामुळे सगळी मेहनत ओळींवर घ्यायची, 'स्वप्नांचा पाया' वगैरे, तुम्हाला सुचेलच. तळाला कडक जमीन लागली का अजून मऊच माती आहे, हे खाली उतरून कुदळीने ठोकून बघायचं असतं म्हणे, पण मग बूट चिखलाचे होतात आणि पुढचे फोटो बिघडतात, तेव्हा राहू द्या.

खरा मोठा दिवस स्लॅबचा. त्या दिवशी फोटो नाही, व्हिडिओ हवा. आणि व्हिडिओत माल कसा सळसळत पसरला पाहिजे, म्हणून मिक्सरवरच्या माणसाला सांगा की घाल अजून एक बादली पाणी. तो आनंदाने घालेल, त्याचंही काम हलकं होतं. एखादा इंजिनियर मित्र मधे बोलेल की सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाण्याचं ०.५ चं प्रमाण धरलं तर २५ लिटर पाणी होतं, त्याच्यावरचं पाणी सिमेंटच्या उपयोगाचं नाही, ते नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवून जातं, ताकद घटते. त्याला म्हणावं, पोकळ्या आत आहेत ना, मग दिसतायत कुणाला?

आणि माल पडायच्या आधी सळयांखाली ते छोटे छोटे कव्हर ब्लॉक लावतात त्यांच्याकडे तर बघूच नका. दिसायला अगदीच किरकोळ, फोटोत येतही नाहीत. सळई फळीला टेकली तर टेकली. मग स्लॅबच्या खालच्या अंगाला तिच्यावर काँक्रीटचं पांघरूण उरत नाही, ओल पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालून पोपडा ढकलून देतो, पण हे सगळं व्हायला वर्षं लागतात हो. तोवर तुमच्या आजच्या व्हिडिओची आठवण तरी कुणाला राहणारे?

स्लॅब पडल्यावर मात्र एक वाईट काळ येतो, पाणी मारायचा. हा फार कंटाळवाणा, कारण कालच्या आणि आजच्या फोटोत काहीच फरक नसतो, ओला स्लॅब तो ओला स्लॅब. आपल्या सगळ्यांची समजूत अशी की सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नसतं. त्याची पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन ते घट्ट होतं, त्यामुळे वाळलं की उलट काम थांबतं. कमीत कमी ७ दिवस ते ओलं राहायला हवं, आणि ताकद मोजायची तर २८ दिवसांनी मोजतात, ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांशच आलेली असते. पण २८ दिवस लोकांना काय दाखवणार तुम्ही? लोक विचारतील ना, काम बंद पडलं का म्हणून. तेव्हा दोन दिवस पाइप हातात धरून फोटो काढा (पाण्याच्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य आलं तर उत्तमच) आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या मजल्याच्या विटा चढवा.

जिन्याचा फोटो खालून वर बघत काढायचा. सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या आहेत का हे टेप लावून बघणारे लोक असतात, मला त्यांची कीव येते. पायरीची उंची दुप्पट करा, त्यात पाऊल टेकतं ती रुंदी मिळवा, ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास आलं की पायाला बरं वाटतं, असा हिशोब असतो, १७व्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने असंच काहीतरी मांडून ठेवलं होतं. तुमच्या मिस्त्रीला ब्लाँडेल माहीत नाही, तो शेवटची पायरी उरलेल्या उंचीत बसवतो. पहिल्या दोन पायऱ्यांत पावलाला उंचीची सवय होते आणि वेगळी पायरी आली की ते हमखास अडखळतं. घर बघायला आलेला प्रत्येक पाहुणा तिथे भिंत धरेल, तुम्ही म्हणा, 'सांभाळून हं', आणि तेवढ्यात त्याचाही फोटो घ्या.

बाथरूम म्हणजे टाइल्स, आणि टाइल्स म्हणजे फोटो, त्यामुळे तिथे थांबायचं नाही. टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की पाण्याची वाट बंद करून एक दिवस पाणी भरून ठेवतात, खालच्या खोलीचं छत कोरडं राहतं का ते बघतात. साचलेल्या पाण्याचा फोटो कोण बघतो. आणि पाण्याचा ढाळ जाळीकडे आहे का दाराकडे, हे पहिल्या आंघोळीला कळतंच की.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, हा मात्र मनापासून ऐका. भिंतीत झिऱ्या, म्हणजे पाइपांसाठी खाचा, मारून झाल्यात, पाण्याचे पाइप बसलेत, वायरचे पाइप बसलेत, प्लास्टर उद्यापासून, अशी एक संध्याकाळ येते. त्या दिवशी साइट भयंकर दिसते. भिंती ओरबाडल्यासारख्या, सगळीकडे रबरी नळ्या आणि धूळ. काही विक्षिप्त लोक त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो काढतात, शेजारी टेप धरून, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, खोलीचं नाव खडूने भिंतीवर लिहून. असे फोटो काढू नका. त्याला कुणी 'वा' म्हणणार नाही. तुमची मावशी तर विचारेल की अरे हे पाडताय का बांधताय.

मी नव्हता काढला. म्हणजे फोटोंची माझ्याकडे कमी नाही, अकराशेच्या वर निघाले, त्यातले निम्मे बाल्कनीचे. राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात हॉलमध्ये मोठी फ्रेम लावायची होती (फ्रेममध्ये काय होतं म्हणता? घराचाच फोटो), ड्रिल घेतलं, जागा डोळ्यांनी ठरवली आणि भोक पाडलं. पहिले दोन सेकंद लाल धूळ आली, मग ओली लाल धूळ आली, मग नुसतं पाणी, आणि तेही सरळ सोफ्यावर. वरच्या बाथरूमचा पाइप तिथून उतरत होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे वायरमनला माहीत होतं, प्लंबरला माहीत होतं, गवंड्याला तर होतंच, मीच तेवढा त्या दिवशी ऊन चांगलं म्हणून गच्चीवर होतो.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, बघून म्हणाला, पाइप नक्की कसा वळलाय कळलं तर थोडंच फोडावं लागेल, आधीचा एखादा फोटो आहे का? मी फोन काढला. अर्धा तास सरकवत बसलो आणि देवाशप्पथ सापडला, तीच भिंत, प्लास्टरच्या आदल्या दिवशीची, सगळे पाइप उघडे. बरोबर मधोमध मी उभा, अंगठा वर करून.

प्लंबरने फोटो मोठा करून बघितला, माझ्या डाव्या खांद्यावरून आत जाणारा पाइप बोटाने शोधला, उजव्या कमरेपाशी बाहेर आलेला शोधला, आणि म्हणाला, "साहेब, जरा बाजूला उभे राहिला असतात तर."