झोपेचा नव्हे, जागेपणाचा हिशोब हवा

शेतातल्या बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरवरच्या लेखातल्या तक्त्यात २४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलची क्षमता) सेलला झोपेतल्या १० मायक्रोअँपिअर प्रवाहाने भागून २७ वर्षं आयुष्य काढलंय. भागाकार बरोबर आहे, पण तो कायम झोपलेल्या सेन्सरचा. बॅटरी खरी खर्च होते ती जागेपणी.

द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारा नोड (सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेलं छोटं यंत्र) घ्या. दर १५ मिनिटांनी उठला तर दिवसाला ९६ वेळा. सेन्सर स्थिरावायला ५ सेकंद, २० मिलिअँपिअर. मग लोरावरून (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) निरोप: एसएफ १२ वर (सर्वांत संथ, लांब पल्ल्याची सेटिंग) साधारण दीड सेकंद, ४० मिलिअँपिअर. झोप धरून दिवसाला साडेचार एमएएच, म्हणजे जेमतेम दीड वर्ष! गेटवे (निरोप घेणारं यंत्र) जवळ असेल आणि वेगवान एसएफ ७ चाललं तर निरोप शंभर मिलिसेकंदांच्या आत उरकतो. शिवाय ओलावा पंधरा मिनिटांत असा कितीसा बदलणार? तासाला एकदा मोजा, हाच सेल कागदावर सात वर्षं जातो.

प्रयोगासाठी मिळणारे तयार डेव्हलपमेंट बोर्ड मात्र शेतात लावू नका. त्यावर बऱ्याचदा असणारा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा एएमएस १११७ रेग्युलेटर स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. वीस दिवसांत सेल रिकामा.

आणखी एक, अशा नोडमध्ये वापरल्या जाणाऱ्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलबद्दल. बराच काळ पडून राहिला की आत थर धरतो आणि जास्त प्रवाह ओढला की पहिल्याच झटक्याला व्होल्टेज कोसळतं. सेल भरलेला असूनही नोड रीसेट होत राहतो. म्हणून समांतर मोठा कपॅसिटर (तो झटका स्वतःच्या साठ्यातून पुरवणारा) लावावाच लागतो. लेखकांनी हे मुद्दे लेखात जरूर घालावेत, कारण हा तक्ता बघून शेतकरी पैसे गुंतवतील.