फॅक्टरी रीसेटनं मूळ सिस्टीम परत येत नाही

‘जुना फोन घेतलात? फॅक्टरी रीसेट मारा, कंपनीतून निघाला तसा होतो. तरी भागलं नाही तर नेटवरून रॉम उतरवून फ्लॅश करा. व्हायरस, गूगल लॉक, ब्लॉक झालेला आयएमईआय, सगळं जातं. शेवटी बूटलोडर लॉक करायला विसरू नका.’ अशा अर्थाचा सल्ला सेकंडहँड फोन घेणाऱ्याला हमखास मिळतो. (रॉम म्हणजे फोनच्या सिस्टीमची फाइल, फ्लॅश करणं म्हणजे ती फोनमध्ये बसवणं, आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळखक्रमांक. बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम; तो लॉक असला की अनोळखी सिस्टीम चालू देत नाही.) या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत शहाणपणाचं वाटतं, पण फोन कायमचा बंद पाडण्याची ताकद त्यातच आहे.

आधी रीसेट. अँड्रॉइड फोनची साठवण वेगवेगळ्या पार्टिशनांत, म्हणजे कप्प्यांत, विभागलेली असते. रीसेट पुसतं ते युजरडेटा पार्टिशन, म्हणजे अ‍ॅप्स, फोटो, सेटिंग्ज. सिस्टीमच्या पार्टिशनला ते हात लावत नाही. आधीच्या मालकानं कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली सिस्टीम) टाकली असेल, तर रीसेटनंतर तीच कस्टम रॉम कोरी होऊन समोर येते. अँड्रॉइड १३ वर गेलेला फोन रीसेट केल्यावर ११ वर परतत नाही, तोही याच कारणानं. आयफोनचंही तसंच: फोनमधूनच सगळं पुसलं तर आहे तीच आयओएस राहते. सिस्टीम नव्यानं बसवायची तर बहुतेक वेळा फोन संगणकाला जोडून रिस्टोर करावं लागतं.

व्हायरसचंही म्हणूनच खरं नाही. ट्रायडा नावाचं मालवेअर काही फोनांच्या सिस्टीम इमेजमध्येच, म्हणजे फोनमध्ये भरायच्या मूळ सिस्टीमच्या फाइलीतच, घुसवलेलं होतं, असं गूगलनं २०१९ मध्ये सविस्तर मांडलं होतं. असं काही कितीही वेळा रीसेट केलं तरी जागेवरच राहतं. रीसेटच्या बाजूनं एक मात्र मान्य करायला हवं: डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर रीसेटबरोबर त्याच्या किल्ल्याही नष्ट होतात, त्यामुळे आधीच्या मालकाचे फोटो परत मिळवणं जवळपास अशक्य होतं. रीसेटचं काम तेवढंच, आणि ते ते चोख करतं.

फोन मुळात बदललेला आहे का, हे कळायला फार खटपट लागत नाही. बूटलोडर उघडा असेल तर बहुतेक फोन सुरू होतानाच इशारा दाखवतात. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली फोन सर्टिफाइड (गूगलनं प्रमाणित केलेला) आहे की नाही तेही दिसतं. इशारा नाही आणि फोन सर्टिफाइड आहे, तर फ्लॅश करायची गरज बहुधा नसतेच.

आता लॉक. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रिकव्हरीतून (बटणं दाबून फोन सुरू केल्यावर येणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रीसेट केलेला फोन आधीचं गूगल खातं मागतो. त्याची नोंद युजरडेटाच्या बाहेर असते. शिवाय अशा अडकलेल्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्सपर्यंत पोचताच येत नाही, म्हणून बूटलोडर उघडू देणारा तिथला ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय चालू करता येत नाही; फ्लॅशचा नेहमीचा रस्ताच बंद. अ‍ॅपलचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (आयओएस ७, २०१३) तर त्यांच्या सर्व्हरवर असतं, तिथं रिस्टोर काय करणार? विकणाऱ्यानं तुमच्यासमोर खातं काढणं हाच सरळ उपाय. तो टाळाटाळ करत असेल तर फोन घेऊच नये. ब्लॉक झालेला आयएमईआय नेटवर्कच्या यादीत असतो. फोनमध्ये काहीही बसवा, यादी बदलत नाही.

‘नेटवरून रॉम’ म्हणजे नेमकी कुठून? पिक्सेलच्या प्रत्येक मॉडेलची फॅक्टरी इमेज गूगल स्वतः देतं, ब्राउझरमधून चालणारं फ्लॅश टूलही देतं. आयफोनवर अ‍ॅपलनं त्या वेळी साइन केलेलीच, म्हणजे डिजिटल सहीनं मान्य केलेलीच, आवृत्ती बसते. बाकी ठिकाणी कंपनीचं अधिकृत साधन आधी शोधावं. जुनी आवृत्ती घालण्याचा मोह तर आवरावाच: २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आल्यावर पिक्सेल ६ मालिकेला १२ वर परतण्याची वाट बंद झाली. आणि सॅमसंगमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअरमुळे नॉक्सची (सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेची) नोंद एकदा पडली की कंपनीचं अस्सल सॉफ्टवेअर घातलं तरी ती पुसली जात नाही. खासगी फाइली कुलूपबंद ठेवणारं सिक्युअर फोल्डर गेलं ते गेलंच.

राहिलं बूटलोडर लॉक करणं. मूळ सिस्टीम नीट बसलेली असताना ते योग्यच. पण फोनवर कस्टम रॉम असेल, किंवा चिनी बाजारासाठीच्या शाओमीवर कुणी ग्लोबल रॉम घातली असेल, तर लॉक करताच फोन ती सिस्टीम नाकारू शकतो. शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये पुसून लॉक करण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो बघून बदलावा. लॉक करताना डेटाही पुसला जातो. म्हणून आधी त्याच मॉडेलची, त्याच प्रदेशाची अधिकृत इमेज घालावी, बूटलोडर उघडा असतानाच फोन एकदा पूर्ण सुरू करून पाहावा, मग लॉक करावा. ‘ओईएम अनलॉकिंग’ मात्र लॉक झालेला फोन व्यवस्थित सुरू होईपर्यंत चालूच ठेवावं, म्हणजे काही बिघडलंच तर बूटलोडर पुन्हा उघडता येतो.