टाकी झाली, पण भरायची कुठून?

पाणीटंचाईवरच्या एका लेखात म्हटलंय की नव्या टाक्या, नव्या पाइपलाइन झाल्या की पाणीप्रश्न सुटेल. अहो पण टाकी बांधणं सोपंय, ती भरायची कुठून आणि चालवायची कोणी ते बोला ना. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर ठरलंय, आमच्या गावात नळ आले पण मार्च लागला की विहीरच तळ गाठते, त्यात पंपाचं लाइटबिल थकलं की कनेक्शन कट, मग परत टँकर. महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल कायद्यातच गावच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवीन बोअरला मनाई होती, तरी सर्रास मारतात.

शहरात वेगळंच, दिवसाआड पाणी सोडतात, लाइन रिकामी झाली की लीक जॉइंटमधून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून पहिली बादली गढूळ येते आणि पोरं आजारी पडतात. कराडजवळच्या मलकापूरने 24 तास पाणी देऊन दाखवलं की, नळाला मीटर, जास्त वापराला जास्त दर, आणि लोक पाणी साठवून ओतून द्यायचे ते बंद झाले. आधी गळती शोधा, मीटर बसवा, नवीन धरणाचं नंतर बघू.